लग्न उघड्यावर, विक्षोभ वाटेवर : इंदूरच्या कार्तिकातल्या हवेचं काय करायचं?

रामबागकर · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय, आणि मंगळवार संध्याकाळच्या आत हवाय.

भाचीचं लग्न येत्या शुक्रवारी. बायपासवरचं गार्डन, चारशे पानं, विधी सकाळी आत, रिसेप्शन संध्याकाळी उघड्यावर. तुळशीचं लग्न झालं की इंदुरात जी झुंबड उडते तिच्यात हेच एक गार्डन हाती लागलं. हॉल आहे, पण नावाला. साठ माणसं बसली की एकसष्टावा दारात उभा.

आजवर निवांत होतो. सकाळी पेपरात वाचलं की बुधवारपासून हवा फिरणार. पश्चिमी विक्षोभ येतोय, ढग राहतील, तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस, मग गारठा वाढेल. मोबाईलवरचं एक ॲप शुक्रवारी ‘४० टक्के पाऊस’ म्हणतंय. दुसऱ्यावर पिवळा सूर्य आहे, तोही हसरा.

टेंटवाला म्हणतो वॉटरप्रूफ डोम पाहिजे तर मंगळवारी सांगा, पंच्याऐंशी हजार वेगळे. गार्डनवाला म्हणतो, ‘भिया, नवंबर में पानी कहाँ?’ मेहुणे दर तासाला फोन करून ‘काय ठरलं’ एवढंच विचारतात आणि ठेवतात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की किती? डोम घ्यायचा, की देव पाण्यात घालून बसायचं?

फक्त वाचक · रविवार, रात्री ९.५२

घ्या डोम. पंच्याऐंशी हजारांत जन्मभराचे टोमणे वाचतात.

पुण्यात अडकलेला इंदुरी · रविवार, रात्री १०.०५

आधी मेनू सांगा. गराडू, आपला तो तळलेला कंद, आहे का? हवेचं मग बघू.

राऊ सर्कल · रविवार, रात्री १०.११

हवामान खात्याचं काही खरं नसतं. पाऊस सांगितला की ऊन आणि ऊन सांगितलं की पाऊस. मागे आमच्याकडे सत्यनारायणाला ‘पाऊस येणार’ म्हणाले, मी अंगणात ताडपत्री बांधली, थेंब नाही. ताडपत्री मात्र शेजाऱ्यांनी नेली ती अजून आली नाही.

गच्चीवरचा थर्मामीटर · सोमवार, सकाळी ७.१०

रामबागकर, मी निवृत्त माणूस. टिळकनगरच्या गच्चीवर रोज सकाळी वहीत आकडे लिहितो, हवामान खात्यात कधी नव्हतो. तेव्हा हे शेजारच्या काकांचं मत समजा. पण शब्दांचे अर्थ मात्र खात्याचेच देतो, कारण लोक शब्द न बघता खात्याला शिव्या घालतात.

अंदाजात चार पायऱ्या असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५. ‘बहुतांश ठिकाणी’ त्याच्या वर. म्हणजे तुरळक म्हटल्यावर चारातली तीन ठिकाणं कोरडी राहणार हे खात्यानं आधीच सांगून ठेवलंय. राऊ सर्कल, तुमचा सत्यनारायण त्या तिघांत बसला.

दुसरं, विभाग कोणता ते बघा. ‘पश्चिम मध्य प्रदेश’ म्हटलं की त्यात इंदूर-उज्जैन येतं, भोपाळ येतं, घाटाखालचं खरगोण येतं आणि वर पार ग्वाल्हेर-चंबळही येतं. हवेच्या हिशेबानं ही चार वेगळी गावं झाली. म्हणून पेपरातली चार ओळींची बातमी न वाचता भोपाळच्या हवामान केंद्राचं पत्रक उघडा, त्यात संभागवार आणि जिल्हावार लिहिलेलं असतं.

आता ॲपचे ४० टक्के. याचा अर्थ चाळीस टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही, चाळीस टक्के गार्डन भिजेल असाही नाही. हवा अशीच असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या चार दिवशी तुमच्या जागी पाऊस होईल, एवढंच. आणि पाच दिवस आधीचा आकडा रोज हलतो. आज ४०, उद्या २०, परवा ६०. त्याच्यावर बीपी वाढवू नका.

विक्षोभाचं सांगायचं तर हा कमी दाबाचा पट्टा, भूमध्य समुद्राच्या बाजूनं वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांत वाहत येतो. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतो. आपल्याला बहुतेक वेळा त्याची शेपटीच चाटून जाते. दोन दिवस आभाळ मळकट, बस्स. पण त्याच सुमाराला अरबी समुद्रावरून दमट वारा माळव्यात शिरला, तर शेपटीचा फटका बसतो. तोच मावठा.

तेव्हा शुक्रवारची खरी किल्ली समुद्रावरच्या वाऱ्यात आहे, आणि ती बुधवारच्या आधी नीट दिसणार नाही. टेंटवाल्याकडे गुरुवारपर्यंत मुदत मागून बघा.

रामबागकर · सोमवार, सकाळी ८.३०

काका, मागितली होती. म्हणाला, ‘गुरुवारी डोम तुमच्यासाठी नाही, आभाळ बघून धावत येणाऱ्या दुसऱ्यासाठी राहील.’ खरं बोलला बिचारा.

लष्करचा नाना · सोमवार, सकाळी ९.०२

ग्वाल्हेरहून. इंदुरी लोक नोव्हेंबरातल्या हवेला गारठा म्हणतात हे वाचून सकाळ बरी गेली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीची सरासरीच सात-आठ. धुकं असं की समोरून येणाऱ्या टमटमचा आधी आवाज, मग दिवा, मग शिवी. दिल्लीकडून येणारी गाडी चार तास उशिरा असेल तर आम्ही तिला वेळेवर म्हणतो.

एक मात्र सांगतो. तुम्ही ज्याला मावठा म्हणता त्याला आमच्याकडे जुनी माणसं महावट म्हणतात. पूस-माघातला पाऊस. पडला की गहूवाले हसतात.

अलकापुरी · सोमवार, सकाळी ९.४०

बडोद्यात मावठुं. शब्द बहुतेक एकच असावा, तीन गावांत फिरून झिजला.

पण नाना, हसण्यावारी नका नेऊ. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला गुजरातभर मावठुं आलं होतं, तेही ऐन लग्नसराईत. नुसता पाऊस नव्हता, विजा आणि गारा. एका दिवसात विजेनं वीसहून जास्त माणसं गेली राज्यात. आमच्या सोसायटीतल्या एका घरचं लग्न त्याच दिवशी होतं. पार्टीप्लॉटमध्ये गालिचे पाण्यावर तरंगत होते आणि नवरदेवाची वरात पेट्रोल पंपाच्या छताखाली उभी होती, बँडसकट.

रामबागकर, डोम घेतलात तरी एक करा. लोखंडी खांब आणि जनरेटरच्या वायरी कुठून जातात ते स्वतः बघा. मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप टाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडत असली की सांगतं. आणि हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो तोही बघत राहा. पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा त्या संध्याकाळी तोच कामाला येईल.

देपालपूरवाला · सोमवार, दुपारी १.१५

तुम्ही लोक डोमचं पाहून राहिले, आम्ही वावराचं पाहून राहिलो.

माझा गहू पेरून अठरा दिवस झाले. विसाव्या-एकविसाव्या दिवशी मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पहिलं पाणी चुकवायचं नाही. आता नेमका तेव्हाच मावठा आला तर सोनं आहे. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी एक लाख लिटर पाणी, आणि तेही रात्री दोनला वीज येईपर्यंत मोटरपाशी बसून न राहता. तेव्हा माझी देवाकडे मागणी रामबागकरांच्या उलटी आहे. माफ करा.

पण बाजूच्या तुकड्यात बटाटा आहे. ढग तीन दिवस राहिले, पानं सकाळी ओली राहिली, की करपा. आमच्याकडे झुलसा म्हणतात. पान उलटून पाहायचं, खालच्या अंगाला काळ्या डागाच्या कडेनं पांढरी बुरशी दिसते, साखर भुरभुरल्यावाणी. ती दिसली की मग औषधाचा पंप पाठीवरून उतरत नाही. हरभऱ्याला घाट्यातली अळी, ती पण ढगाळ हवेतच फावते.

म्हणजे एकाच शेतात अर्धा माणूस पाऊस मागून राहिला आणि अर्धा ऊन.

फक्त वाचक · सोमवार, दुपारी १.३०

दादा, तुमची मागणी गुरुवारी रात्री पूर्ण होवो आणि शुक्रवारी सकाळी थांबो. देवालाही वेळापत्रक द्यावं लागतं.

महूकर मावशी · सोमवार, संध्याकाळी ६.२०

मी गेली कित्येक वर्षं एकच बघते. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की ट्रंक उघडायची. स्वेटरला डांबरगोळीचा वास जायला दोन दिवस उन्हात घालावे लागतात, आणि दरवर्षी त्याच दोन दिवसांत हे ढग येतात. मग सगळं घर पहिल्या थंडीत डांबरगोळीच्या वासानं हिंडतं.

रामबागकर, पाहुणे कोकणातून किंवा मुंबईहून येणार असतील तर त्यांना आत्ताच फोन करा. ‘नोव्हेंबर आहे, थंडी काय असणार’ म्हणून सुती साडीवर येतात आणि रात्री नऊला नवरीच्या आईची शाल मागतात. आपल्याकडे दुपारी एकला आणि रात्री अकराला दोन वेगळे ऋतू असतात, हे समुद्राकाठच्या माणसाला सांगून पटत नाही. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, म्हणून कौतुक करायला ठीक आहे. ती शब अंगावर काटा आणते.

आणि निमाडातले पाहुणे असतील तर त्यांनाही. महेश्वर-खरगोण घाटाखाली आहे, तिथून माणूस नुसत्या शर्टात निघतो आणि मानपूरचा घाट चढून वर आला की गाडीची काच बंद करतो.

गच्चीवरचा थर्मामीटर · सोमवार, रात्री ८.००

मावशींनी बरोबर सांगितलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर त्याच्या चारशे मीटर खाली. उंचीप्रमाणे हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरते, म्हणजे घाट चढला की अडीच अंश आपोआप गेले. वर पठारावरचा मोकळा वारा वेगळा.

सकाळी एक सांगायचं राहिलं आणि तेच तुमच्या कामाचं आहे. ढग आणि थंडी एकत्र येत नाहीत. लोकांची नेहमी इथंच गफलत होते.

विक्षोभ जवळ येतो तेव्हा वारा दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून वळतो आणि आभाळ झाकतं. झाकलेल्या आभाळाखाली रात्र उलट उबदार होते, गोधडी पांघरल्यासारखी. दिवस मात्र सूर्य नाही म्हणून गारठतो. माझ्या वहीत अशा दिवशी कमाल आणि किमान यांच्यातलं अंतर सात-आठ अंशांवर येतं, एरवी ते चौदा-पंधरा असतं. विक्षोभ पुढं सरकला की आभाळ धुतल्यासारखं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि पुढच्या एक-दोन रात्रींत पारा धाडकन पडतो.

आता तुमचे दिवस मांडा. बुधवारी ढग, गुरुवारी पाऊस पडायचा तर पडेल, शुक्रवारी संध्याकाळी आभाळ उघडायला लागलेलं. मला विचाराल तर शुक्रवारी तुम्हाला पावसाची भीती कमी आणि उघडलेल्या आभाळाची जास्त. जमीन ओली, हवा दमट, वर चांदण्या. म्हणजे दव. रात्री नऊपासून खुर्च्यांच्या गाद्या, टेबलावरचे कपडे, बायकांच्या साड्यांचे काठ, सगळं ओलसर.

घरी प्रयोग करून बघा. एक स्कूटर पोर्चमध्ये ठेवा आणि एक रस्त्यावर. सकाळी बाहेरचीचं सीट पुसावं लागतं, आतलीचं नाही. दोघींना हवा तीच. फरक एवढाच की बाहेरची स्कूटर रात्रभर आपली ऊब आभाळाला देऊन बसली. छप्पर ती ऊब अडवतं.

म्हणून डोम घ्या, पण पावसासाठी नको. दवासाठी घ्या.

राऊ सर्कल · सोमवार, रात्री ८.२५

काका, दवासाठी पंच्याऐंशी हजार? मेहुणे ऐकतील तर थर्मामीटर फोडतील.

रामबागकर · मंगळवार, संध्याकाळी ५.५०

घेतला. घासाघीस करून पंचाहत्तर. मेहुण्यांना दवाचं सांगितलं नाही, विजा-गारा आणि पेट्रोल पंपाखालची वरात सांगितली. अलकापुरीताई, धन्यवाद.

पुण्यात अडकलेला इंदुरी · मंगळवार, संध्याकाळी ६.०१

गराडूचं उत्तर अजून नाही.

रामबागकर · मंगळवार, संध्याकाळी ६.०४

आहे. तळून, वर जिरावण मसाला आणि लिंबू, गरम गरम काउंटरवर. तुम्ही पुण्यात बसा.

तिळगूळ · बुधवार, सकाळी १०.३०

मधेच एक विचारते. सगळे ला निना, ला निना करतात. ते वर्ष असलं की थंडी जास्त पडते म्हणतात. मग त्याच्यावरून शुक्रवारचं काही कळत नाही का?

गच्चीवरचा थर्मामीटर · बुधवार, सकाळी ११.१५

नाही. प्रशांत महासागर गार आहे की तापलाय यावरून अख्ख्या हंगामाचा कल सांगतात. ला निना असेल तर उत्तर भारतात हिवाळा सरासरीपेक्षा गार राहण्याकडे कल, इतकंच. त्यावरून एक शुक्रवार काढणं म्हणजे पंचांगातलं वर्षफल बघून आज भाजी कोणती आणायची ते ठरवणं. मधल्या पल्ल्यासाठी खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, तो घरात लग्न असणाऱ्यांनी जरूर बघावा. पण तोही आठवड्याचा कल सांगतो, दिवस नाही.

आजची नोंद : किमान १८.५. काल १४ होतं. एका रात्रीत साडेचार अंश वर. वारा आग्नेयेकडून. पांघरूण आलं म्हणायचं.

लष्करचा नाना · बुधवार, दुपारी २.००

इथंही ढग. मुरारच्या बाजूला चार थेंब. गजकवाल्यानं पहिला घाणा लावलाय, तिळाचा वास गल्लीत. हवामान खात्याचं पत्रक नसलं तरी चालेल, गजक कुटायचा आवाज आला की हिवाळा.

देपालपूरवाला · गुरुवार, रात्री ११.२०

आला.

देपालपूरवाला · गुरुवार, रात्री ११.५५

अर्धा तास चांगला पडला. गारा नाहीत, वारा नाही, सरळ. पत्र्यावरचा आवाज ऐकत पडलो आहे. बटाट्याचं उद्या पाहू.

राऊ सर्कल · शुक्रवार, सकाळी ६.४५

राऊला रात्री एकच्या सुमाराला वीस मिनिटं. अंगणात पाणी साचलं. ताडपत्री असती तर बरं झालं असतं.

तिळगूळ · शुक्रवार, सकाळी ७.३०

राजवाड्यापाशी काही नाही. रस्ता कोरडा ठाक. सगळे म्हणतायत पाऊस झाला, कुठं झाला?

गच्चीवरचा थर्मामीटर · शुक्रवार, सकाळी ८.४५

देपालपुरात झाला, राऊत झाला, राजवाड्याला नाही, माझ्या गच्चीवर मोजण्याइतका नाही. ‘तुरळक ठिकाणी’ याहून वेगळं कसं दिसणार?

उद्याच्या पेपरात ‘शुक्रवारचा पाऊस’ म्हणून जो आकडा येईल तो बघून गोंधळू नका. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असतो. काल रात्रीचा पाऊस आज सकाळच्या नोंदीत जातो. आज दिवसभर ऊन पडलं तरी आजच्या तारखेसमोर पाऊस दिसेल, आणि कोणीतरी ‘खोटारडे’ म्हणेलच.

रामबागकर, गार्डनवर कोणी गेलंय का?

रामबागकर · शुक्रवार, सकाळी ९.२०

मीच आहे. लॉनवर बूट टाकला की पच्च. डोमच्या एका कोपऱ्यात कापड सैल बांधलं होतं, तिथं पाण्याचा हंडाभर फुगा लोंबतोय, दोन पोरं बांबूनं खालून ढकलून पाणी कडेला सोडतायत. पहिल्याच ढकलीत सगळं पाणी टेंटवाल्याच्या मुनीमच्या डोक्यावर आलं. सकाळपासून हीच एक गोष्ट चांगली झाली.

स्टेजच्या मागं डोम नाही, तिथल्या प्लायवूडनं पाणी प्यायलंय. सुतार बोलावलाय. गुरुजी आत हॉलमध्ये वेळेवर आहेत, आम्हीच नाही. जातो.

अलकापुरी · शुक्रवार, सकाळी ९.३०

वायरी जमिनीवरून असतील तर उचलून बांधायला लावा. पच्च म्हणालात म्हणून सांगते.

महूकर मावशी · शनिवार, दुपारी १२.१०

काय झालं? कोणी लिहीत का नाही? मी सकाळपासून तीनदा उघडलं.

रामबागकर · शनिवार, दुपारी ३.४०

झोपलो होतो मावशी. आता लिहितो.

वायरी उचलल्या, त्याबद्दल ताईंना पुन्हा धन्यवाद. एक खरोखर पाण्यात होती.

संध्याकाळी पाचला आभाळ उघडलं. पश्चिमेला केशरी, वर निळं, मेहुणे माझ्याकडे बघायला लागले. ‘पंचाहत्तर हजार’ हे शब्द ते तोंडानं बोलले नाहीत, नजरेनं बोलले. सात वाजेपर्यंत एकही थेंब नाही. गार्डनवाला मुद्दाम दोनदा समोरून गेला.

मग साडेआठच्या सुमाराला उत्तरेकडून वारा सुटला. फार नाही, पण मंडपाच्या झालरी एकाच बाजूला उडत राहतील इतका. नऊला बायका हळूहळू डोमच्या आत सरकायला लागल्या. साडेनऊला बाहेर ठेवलेल्या सोफ्यांवर कोणी नव्हतं. मी मुद्दाम जाऊन हात फिरवून बघितला. पांढरं रेक्झिन, वर थेंबांची बारीक जाळी, बोटानं नाव लिहिता येईल अशी. डोमखालची खुर्ची बघितली, कोरडी. मेहुण्यांचा हात धरून आधी सोफ्यावर, मग खुर्चीवर ठेवला. काही बोलले नाहीत. मग शाल आणायला निघून गेले.

आइस्क्रीमच्या काउंटरवर मुलगा एकटा हात चोळत उभा होता. गराडूपाशी मात्र अशी गर्दी की दहा वाजता संपला. कढईतून काढायचा, जिरावण टाकायचं, आणि लोक पानातून खाण्याआधी हातात धरून ऊब घेत होते. मुंबईचे पाहुणे सुती कुर्त्यातच होते मावशी, मी फोन केला होता तरी. नवरीच्या आईची शाल, म्हणजे माझ्या बहिणीची, सव्वानऊला गेली ती वरातीपर्यंत परत आली नाही.

केटररनं शेगड्या चारच आणल्या, ठरल्या होत्या आठ. त्यावरून अजून भांडण चालू आहे, पैसे मी धरून ठेवलेत. चार शेगड्यांभोवती चारशे माणसं. ज्या दोन काकांचं वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं ते एकाच शेगडीवर हात शेकत होते. बोलले नाहीतच, पण शेकले.

पुण्यात अडकलेला इंदुरी · शनिवार, दुपारी ३.५५

दहा वाजता संपला?! किती आणला होता?

तिळगूळ · शनिवार, संध्याकाळी ५.००

आजच्या पेपरात ‘इंदूरमध्ये शीतलहर’ अशी मोठी हेडलाइन आहे. खरंच शीतलहर म्हणायची का?

गच्चीवरचा थर्मामीटर · शनिवार, संध्याकाळी ६.३०

नाही अजून. मैदानी भागासाठी नियम असा की किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं. साडेसहाच्या पुढं गेलं की तीव्र. ४ किंवा त्याखाली आलं तर सरासरी न बघताच शीतलहर. नोव्हेंबरात आपली सरासरी १५ च्या आसपास, म्हणजे आपल्याला ती म्हणायची तर दहापर्यंत उतरायला हवं. आज सकाळी माझ्याकडे ११.५ होतं. विमानतळावरच्या खात्याच्या केंद्रावर मोकळं रान आहे, तिथं शहराच्या पोटापेक्षा कमीच असतं. गच्चीच्या आकड्यावर हेडलाइन करू नये, माझ्याही नाही.

आणि नाना, तुमचा मुद्दा बरोबर. ज्या दहाला आम्ही नोव्हेंबरात शीतलहर म्हणू, ते दहा तुमच्याकडे जानेवारीत सरासरीच्या वर. थंडी आकड्यात कमी आणि सवयीत जास्त असते.

दिवसासाठी शब्द वेगळा आहे, ‘शीत दिवस’. किमान दहाच्या आत आणि कमाल सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी खाली. तो तुमच्याकडे धुक्यात जास्त होतो, सूर्यच दिसत नाही म्हणून. आमच्याकडे दुपारी ऊन लख्ख असतं.

देपालपूरवाला · शनिवार, रात्री ८.१०

गव्हाचं पहिलं पाणी वाचलं. बटाट्याची सकाळी पन्नासेक झाडं उलटून पाहिली, दोन झाडांवर साखर. सुरुवात आहे. औषध मारून आलो आहे, हाताला वास येऊन राहिला. आता ऊन टिकलं आणि पानं नऊच्या आत सुकली तर वाचेल.

काका, पारा असाच उतरत गेला तर पाल्याचं, म्हणजे पिकावर दव गोठतं त्याचं, सांगा. चारच्या खाली जायच्या आदल्या दिवशी कळलं तर संध्याकाळी हलकं पाणी देता येतं आणि बांधावर धूर करता येतो. ओली माती रात्री लवकर गार होत नाही.

गच्चीवरचा थर्मामीटर · शनिवार, रात्री ८.४०

माझ्या गच्चीवरून तुमच्या वावराचा पाला कळायचा नाही. तुमच्याकडे मोकळं रान, खोलगट जागेत गार हवा साचते, दोन-तीन अंशांचा फरक सहज. हवामान खात्याचं ‘मेघदूत’ ॲप आहे, त्यावर जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला येतो, तो बघा. एवढ्यात पाल्याची भीती दिसत नाही, तो डिसेंबरअखेर-जानेवारीतला विषय. तरी मी आकडे इथं टाकत जाईन.

गच्चीवरचा थर्मामीटर · रविवार, सकाळी ७.०५

किमान ९.५. वारा उत्तरेचा, आभाळ स्वच्छ.

माझं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे. यू आकाराची नळी, आत पाऱ्यानं ढकललेल्या दोन बारीक लोखंडी सुया. एक रात्रीच्या सर्वांत कमी आकड्यावर अडकून राहते, दुसरी दिवसाच्या जास्तीवर. वाचून झालं की चुंबकानं दोन्ही सुया ओढून पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या. आज बोटं इतकी गारठली होती की चुंबक हातातून सुटून तुळशीच्या कुंडीत पडलं. लग्नातल्या हळदीकुंकवाच्या अक्षता अजून तिथंच होत्या, त्यांतून शोधून काढलं.

रामबागकर · रविवार, सकाळी ११.३०

काका, अजून एक काम आहे. मुलाकडचे लोक ग्वाल्हेरचे. त्यांचं रिसेप्शन संक्रांतीनंतरच्या शनिवारी, मुरारला, रात्री आठ वाजता, लॉनवर. आत्ताच पत्रिका आली.

लष्करचा नाना · रविवार, सकाळी ११.३४

डोम आहे का?

रामबागकर · रविवार, सकाळी ११.३६

विचारलं. म्हणाले, ‘जनवरी में पानी कहाँ?’